बाबांच्या खोलीची किल्ली

पनवेल
४ जून २०१७

प्रिय मिलू,

फोनवर तुला निकाल सांगितला तेव्हा तू किंचाळलीस, मीही किंचाळले आणि दोघींनाही धड काही बोलता आलं नाही. म्हणून हे पत्र. आपलं खरं बोलणं चाळीस वर्षं कागदावरच होत आलंय.

तर मी नगरसेविका झाले! एकशे बारा मतांनी. हरेश म्हणतो, त्यातली शंभर त्याच्या ओळखीची. मी म्हटलं, मग उरलेली बारा माझी, तेवढी पुरेत.

सोबत माझं पत्रक पाठवतेय. तिसरा मुद्दा बघ. शब्द तुझेच आहेत, मी फक्त छापले: ‘नगरसेविका म्हणून मिळणारं मानधन मी घेईन. पण पालिकेतर्फे बाहेरच्या कुठल्याही सरकारी मंडळावर माझी नेमणूक झाली, तर तिथलं मानधन आणि भत्ते मी घरी नेणार नाही. ते मासळी बाजारातल्या बायकांच्या विसाव्याच्या खोलीला जातील.’ मिलू, लोक त्या ओळीवर बोट ठेवून वाचायचे. एक पेन्शनर आजोबा म्हणाले, “बाई, हे छापलंत? आता पळता यायचं नाही.”

मोऱ्याची कृष्णाबाई आठवते ना? डोक्यावर टोपली घेऊन यायची आणि तुझ्या बाबांकडून मनीऑर्डरचे फॉर्म भरून घ्यायची. अजून बाजारात बसते, सत्तरीची झाली. मी पेढे द्यायला गेले तर म्हणाली, “ताई, पेढा गोड हाय, पन मुतायला जागा कदी देतेस ते सांग.” सगळ्या जणी हसल्या. मीही.

गेल्या वर्षी इस्रायलला परत जाताना तू बाबांच्या खोलीची किल्ली माझ्या हातात दिलीस, ती कपाटात आहे. तीच खोली विसाव्याला देऊ या, असं तू म्हणाली होतीस. अजून तसंच वाटतं ना?

तुझी,
किशू

*

अश्दोद
२ जुलै २०१७

प्रिय किशू,

पत्रक फ्रिजवर लावलंय. लग्नाला इतकी वर्षं झाली, मोशेला मराठी वाचता येतं, पण हळू. काल त्यानं उभं राहून तिसरा मुद्दा पुरा वाचला आणि म्हणाला, “तुझी मैत्रीण धाडसी आहे.” मला इतका अभिमान वाटला, जसा बोर्डिंगात तुला निबंधाचं पहिलं बक्षीस मिळालं तेव्हा वाटला होता.

खोलीचं काय विचारतेस? ती त्या बायकांचीच होती. बाबा पोस्टातून निवृत्त झाले आणि दुसऱ्याच दिवशी गल्लीकडची ती खोली उघडून टेबल मांडून बसले. बाजार उठला की बायका यायच्या. कुणाला गावी पत्र, कुणाला पोराच्या फीसाठी अर्ज. बाबा आधी माठातलं पाणी द्यायचे, मग विचारायचे, “हं, काय लिहू?” सगळ्या खोलीला बोंबलाचा वास. आई कुरकुरायची आणि बाबा म्हणायचे, “अगं, पत्रालासुद्धा तो वास लागू दे, घरच्यांना ओळखू येईल कुणाचं ते.”

आपण मात्र पत्रं लिहायला शिकलो ती सिस्टर फिलोमिनांच्या समोर बसून. दर रविवारी, चर्चमधल्या मासनंतर, रेघांच्या कागदावर. ‘मी मजेत आहे, जेवण चांगलं आहे.’ सिस्टर प्रत्येक पत्र वाचायच्या आणि पाकिटाच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं बरोबरची खूण करायच्या. खूण नसेल ते पत्र पेटीत पडायचंच नाही. तुझ्या पत्राला पहिल्या झटक्यात खूण मिळायची. मला तीन-तीनदा लिहावं लागायचं, कारण मी ‘घाटावर फार थंडी आहे आणि मला रडू येतं’ असं लिहायची.

संमतीपत्र सोबत आहे, वकिलाकडून करून घेतलंय. खोली, मागचा संडास, नळ, सगळं त्या कामासाठी तुझ्या ताब्यात.

आणि एक सांगू? मी नवस बोललेय. ती खोली उघडली की प्रेषित एलियाहू हन्नबीच्या नावानं गोड पोह्यांचा मलिदा करीन. आम्हा बेने इस्रायलींत हा नवस साधा नसतो. पुरा झाल्यावर चारचौघांना बोलावून, ताट मांडून, काय झालं म्हणून आभार मानतोय ते मोठ्यानं सांगावं लागतं. लवकर सांगायची वेळ आण.

कृष्णाबाईला माझा नमस्कार सांग.

तुझी,
मिलू

*

पनवेल
२६ नोव्हेंबर २०१७

प्रिय मिलू,

दोन बातम्या. पहिली छोटी: पालिकेनं मला खाडी व जेट्टी विकास मंडळावर पाठवलंय. हे मंडळ पालिकेचं नाही, बाहेरचं सरकारी आहे. महिन्याचं मानधन वेगळं, बैठकीचा भत्ता वेगळा. जेट्ट्यांची पाहणी करत मोऱ्यापासून आपट्यापर्यंत हिंडायचं. आपट्याला खाडी कुठे आहे विचारू नकोस, मीही विचारलं नाही.

दुसरी मोठी. खोली उघडली!

भिंतींना फिकट पिवळा रंग दिलाय. तुझ्या बाबांचं टेबल तसंच ठेवलंय, त्यावर पाण्याचा फिल्टर. मागचा संडास नवा करून घेतला, पांढऱ्या फरशा. छताच्या कडीला पाळणा बांधलाय. पहिल्याच दिवशी एका पोरीचं तीन महिन्यांचं बाळ त्यात झोपलं आणि इतक्या गलक्यात उठलं नाही. फीत कापायला कात्री मिळेना. शेवटी कृष्णाबाईनं तिच्या कोयत्यानं कापली आणि म्हणाली, “ही काय पापलेटापेक्षा कडक नाय.” मग बायकांनी आत जाऊन जमिनीवर पाय पसरले. नुसते पसरले आणि गप्प बसल्या. मला तुझ्या आईची आठवण झाली, ती कुरकुरली असती.

मंडळाचं मानधन खोलीच्याच कामाला लागतंय. एक बाई ठेवलीय झाडायला आणि बाळांवर लक्ष द्यायला.

दाराचा फोटो तुला फोनवर पाठवलाय. हिरवा रंग तोच घेतला, जुना. कृष्णाबाईनं तुला निरोप दिलाय: “सायमनबाबाला सांगा, पानी थंड हाय.”

तुझीच,
किशू

*

अश्दोद
४ फेब्रुवारी २०१८

प्रिय किशू,

तुझं पत्र मी किती वेळा वाचलं हे सांगत नाही, तू हसशील. पाय पसरून गप्प बसलेल्या बायका मला डोळ्यांपुढे दिसतात. आणि तो निरोप! मोशेला वाचून दाखवताना शेवटचं वाक्य त्यालाच वाचावं लागलं.

मलिदा झाला. मुद्दाम आमच्या झाडांच्या सणाचा, ‘तू-बिश्वात’चा दिवस धरला, एलियाहूचा तो दिवस आम्ही फार मानतो. लेक अविटल सुट्टी काढून आली. पोहे मीच भिजवले, खोबरं मीच खवलं, वेलची आपल्याकडची. पाच फळं मांडली. मूळची पनवेल, अलिबाग, पेणची, आता इथलीच, मिळून चाळीस माणसं जमली. गाणं झाल्यावर प्रार्थना सांगणाऱ्या हजानसाहेबांनी विचारलं, “कशाबद्दल?” मी उभी राहिले. सगळ्यांसमोर तुझं पत्र वाचलं, रंग, फरशा, पाळणा, कोयता, सगळं. पेणची आभाबाई रडायलाच लागली. तिची आजी बाजारात तेल विकायची. म्हणाली, “हे कुणी आधी का नाही केलं?” मी म्हटलं, “माझ्या मैत्रिणीनं केलं.”

ज्यांचा हात कामाला लागलाय त्यांचा वाटा आधी काढतात. तुझा मी काढला, आणि तुझ्या नावानं मीच खाल्ला. गोड झाला होता.

आतला एक फोटो पाठव ना. पाळण्याचा.

तुझी,
मिलू

*

पनवेल
१९ ऑगस्ट २०१८

प्रिय मिलू,

उशीर झाला, रागावू नकोस. सभा, समित्या, पावसात तुंबलेली गटारं. रोज वीस माणसं दारात. घरात बसायला जागा उरत नाही, हरेश वैतागतो.

खोली छान आहे. फोटोचं म्हणशील तर बायकांना आवडत नाही, त्या पदर तोंडावर घेतात. मीही आग्रह करत नाही.

पालिकेत एक ठराव येऊ घातलाय. बाहेरच्या मंडळांवर गेलेल्या सदस्यांनी तिथलं मानधन पालिकेत जमा करावं, असा. आणणारे सगळे विरोधातले, त्यांना कुणाची तरी फजिती करायची आहे. इथल्या पेपरात वेडंवाकडं काही छापून आलं आणि तुझ्यापर्यंत पोचलं तर मनावर घेऊ नकोस.

तुझा निरोप कृष्णाबाईला पोचला. खूश झाली.

किशू

*

अश्दोद
२ डिसेंबर २०१८

कृष्णाबाई,

हे पत्र कुणाकडून तरी वाचून घ्या. मी मिल्का, सायमनबाबांची मुलगी. तुम्ही मला कालवं कशी फोडायची ते शिकवलंत, आणि मी अंगठा कापून घेतला, ती. आम्ही ती खात नाही हे बाबांनी तुम्हाला मागाहून सांगितलं होतं.

सोबतच्या पार्सलात खजूर आहे आणि पाळण्यासाठी चार चादरी. मऊ सुती कापड आहे, मीच शिवल्यात. किशोरीला आधी सांगू नका. ती खोलीत येईल तेव्हा पाळण्यात घातलेली दिसू दे, मग तिचा चेहरा कसा झाला ते मला कळवा.

तुमची,
मिल्का

*

मोरा
६ जानेवारी २०१९

मिल्काबाय,

रंभा लिव्हते, मी सांगते. रंभा माजी सून. धावी पास हाय तरी अक्षर कोंबडी चालल्यावानी. हे लिव्हायला ती तयार नव्हती, मी लिव्हायला लावलं.

पारसल भेटलं. खजूर गोड हाय. चादरी मऊ हायेत. पन तुजं पत्र मी तीनदा वाचून घेतलं. कसला पालना गं बाय? कसली खोली?

सायमनबाबाच्या खोलीवर किशोरीताईची पाटी हाय. दरवाजा रंगवला ते खरं, हिरवा. आत टेबल, पंखा, हार घातलेला तिचा फोटू. शनवारी दोन तास उघडते, लोक अर्ज घेऊन जातात. बाकी कुलूप. मी तिच्याकडं मागच्या संडासाची किल्ली मागितली. ती बोलली, “मावशी, कार्यालय हाय ना, वास येईल.” मी काय बोलनार? वास तर येतो आमचा.

आमी पहाटे चारला घर सोडतो. दुपारी एकपर्यंत बाजारात. पानी पीत नाय. प्यालो तर जायचं कुठं? श्टँडच्या मागं भिंत हाय, तिथं एकीनं उभं राहायचं, एकीनं बसायचं. आमच्या किती जनींना मुतखडा झाला. डाक्टर बोलतो, पानी पिया. त्याला मी सांगितलं, “तू ये आनि भिंतीशी उभा राहा.”

फीत मी कापली नाय. माजा कोयता मासलीच कापतो.

पेपरात आलेलं रंभानं वाचून दाखवलं. बाहेरच्या मंडलाचा पगार जमा करायचा का, यावर हात वर करायचे होते. एकानं ताईचा निवडनुकीतला कागद काढून मोठ्यानं वाचला. ती उठून बोलली, तो ज्याच्या त्याच्या मनाचा प्रश्न हाय, सक्ती नको. आनि ठरावाच्या विरोधात हात वर केला. मंडलाचा पगार ती पयल्यापासून घेते. तो बेकायदा नाय, असं पन छापलंय.

तुजा निरोप मना कदी भेटला नाय. मी पन तुला काय सांगितलं नाय. सांगायचं लय होतं. पन लिव्हनारा गेला.

चादरींचं काय करू ते कलव. आमच्या घरी आता पालन्यातलं कोन नाय.

कृष्णाबाई

*

अश्दोद
२७ जानेवारी २०१९

किशोरी,

कृष्णाबाईचं पत्र आलं. त्याची प्रत सोबत ठेवलीय. रंभाचं अक्षर खरंच वाईट आहे, पण सगळं लागतं.

आठ दिवस मी तुझ्यासाठी कारणं शोधतेय. मोशेला वाटतं मी आजारी आहे. ती म्हातारी विसरली असेल, असंही मनात आणून पाहिलं. मग स्वतःचीच लाज वाटली. संडासाला भिंतीमागे जाणारी बाई संडास असल्याचं कशी विसरेल?

मी चाळीस माणसांसमोर उभी राहिले होते, किशू. देवाचे आभार मानले. फरशांचा रंगसुद्धा सांगितला. आभाबाई अजून भेटली की विचारते, “तुमच्या पनवेलच्या खोलीतलं बाळ मोठं झालं असेल नाही?” मी तिला काय सांगू? आणि ज्याच्यासमोर उभी होते त्याला काय सांगू?

बाळ तीन महिन्यांचं होतं, असं तू लिहिलं होतंस. तीन महिन्यांचंच का? हे मला कळत नाही. नुसतं ‘बाळ’ लिहून भागलं असतं.

मला उत्तर हवंय. फोनवर नको.

मिल्का

*

पनवेल
३ मार्च २०१९

मिलू,

तुझ्या पत्रावर ‘किशोरी’ वाचलं तेव्हाच कळलं. पुढचं दोन दिवस वाचलं नाही.

आधी पैशांचं. ते माझे आहेत. महिन्यातून सहा दिवस मी त्या मंडळासाठी देते. लाँचमध्ये ओकाऱ्या काढत जाते, चिखलात उभी राहून खांब मोजते, रात्र-रात्र अहवाल वाचते. त्या मंडळावर आम्ही अकरा जण. आठ जणांची नेऱ्याकडे फार्महाऊसं आहेत. त्यांनी मानधन सोडलं की पेपरात फोटो येतो. त्यांचं काय जातं? हरेशचं दुकान बंद पडलंय हे मी तुला कधी लिहिलं नाही. सोडणं ज्याला परवडतं त्यानंच निवडून यावं का? बाईनं केलेलं काम दरवेळी दानधर्मातच का धरायचं? कायदा म्हणतो घ्या. मी घेतले. चोरले नाहीत.

आणि ते वाक्य तुझं होतं. तिथे समुद्राच्या हवेत बसून असली वाक्यं सुचतात. मी छापलं, कारण ते सुंदर होतं आणि त्याला मतं होती.

आता खोलीचं. मी ते पत्र लिहिलं तेव्हा रंगवाला ठरवला होता. खरंच. फरशा बघून आले होते, पांढऱ्याच. पाळण्यासाठी कडी आहे का तेही पाहिलं. पुढच्या महिन्यात सगळं होणारच होतं. मी फक्त महिनाभर आधी लिहिलं. मग पहिलं मानधन आलं आणि घराचा हप्ता थकला होता. मग लोक घरी मावेनात, म्हणून तात्पुरतं टेबल टाकलं. मग तुझं मलिद्याचं पत्र आलं. त्यानंतर मी काय लिहिणार होते? ‘मिलू, तुझा देव घाईत आला’ असं?

बाळ तीन महिन्यांचं, कारण तू खूश व्हावीस. तुझी पत्रं इतकी एकटी असतात. तुला जे वाचायचं होतं तेच मी लिहिलं. रविवारचं पत्र लिहिलं, इतकंच. आपल्याला शिकवलंच होतं तसं.

कृष्णाबाईला तू परस्पर पत्र लिहिलंस. मला विचारायचं होतंस. आता बाजारात सगळ्या माझ्याकडे बघतात.

किशू

*

अश्दोद
३१ मार्च २०१९

किशोरी,

पैशांचं तू म्हणतेस ते कदाचित बरोबर असेल. मोशेचंही तेच म्हणणं आहे: काम केलं, दाम घेतलं. हरेशच्या दुकानाचं मला खरंच वाईट वाटलं. हे सगळं तू जून २०१७ मध्ये मला लिहिलं असतंस, तर मी ते वाक्य तुला दिलं नसतं. म्हटलं असतं, ‘किशू, पगार घे, सरळ सांगून घे आणि खोली उघड.’ खोली उघडायला मंडळाचा एक रुपया लागत नव्हता. किल्ली तुझ्या कपाटात होती. संडास होता, नळ होता. फरशा जुन्या होत्या, इतकंच.

वाक्य माझं होतं, हे खरं. पण त्या आजोबांनी बोट माझ्यावर ठेवलं नव्हतं.

आणि रविवारची पत्रं. ती तशी असायची, कारण सिस्टर वाचायच्या. तुझ्या-माझ्यामध्ये कोण वाचत होतं, किशोरी?

गेले दोन महिने मी तुझी जुनी पत्रं काढून बसते. तुझ्या आईचं आजारपण, तुझं लग्न, आपल्या शाळेची झाडं तोडली ते, मी इथे आल्यावर पहिल्या वर्षी तू दर पंधरा दिवसांनी लिहायचीस ते सगळं. त्या पत्रांवर मी इथे दिवस काढले. आता प्रत्येक ओळीवर थांबते आणि विचारते, हेही असंच होतं का? हे तू माझं नेलंस. बाकी मंडळाचं तू आणि मंडळ बघा.

संमतीपत्र मी रद्द केलंय. नवं कृष्णाबाईच्या नावानं केलं, ते वकिलामार्फत येईल. किल्ली तिला दे.

मिल्का

*

मोरा
९ जून २०१९

मिल्काबाय,

रंभाच लिव्हते.

किल्ली मागायला आमी नऊ जनी गेलो. ताई घरात होती, भायेर आली नाय. हरेशभाऊंनी किल्ली आनून दिली, खाली बघून. चांगला मानूस हाय, त्यानं चहा पन विचारला. आमी बोललो, “नको भाऊ, प्यालो तर जायचं कुठं?” तो हसला नाय. मग मनाच वाईट वाटलं.

टेबल तिचं नव्हतं, सायमनबाबाचं होतं. मी पायावरून वलखलं, एक पाय आखूड, त्याखाली बाबा पोस्टाचा जुना कागद घालायचा. तिचा पंखा, खुर्च्या, फोटू न्यायला टेम्पो आला. तिनं निरोप धाडला, फोटू नीट उतरवा. मी बोलले, “नीट उतरवतो, आमी रोज काच नाय, बर्फ उचलतो.”

आता ऐक. खरं तेवढंच सांगते, कमी नाय जास्ती नाय. रंग दिला नाय, भिंतीला वल हाय. फिल्टर नाय, माठ हाय. संडासाच्या फरश्या जुन्याच, दोन फुटल्यात. कडी तुटकी होती, आमी खिला मारला. झाडायला बाई ठेवली नाय, पाली लावल्यात, आज माजी होती. पालना नाय. पन प्रांजल म्हनून एक पोरगी नवी बसते बाजारात, तिचं पोर सात महिन्यांचं, त्याला तुजी चादर खाली घालून निजवलं. निजलं नाय. रडून रडून सगल्या गल्लीला जागं केलं. चादर पन खराब केली.

किल्ली कोनाच्या कंबरेला नाय. बाजारात खिल्याला टांगलीय, ज्याला लागेल त्यानं घ्यावी.

मी आज दोन तांबे पानी प्याले.

ताई परवा बाजारात आली होती, मासली घ्यायला. पयल्यासारखीच मागितली. मी पयल्यासारखीच दिली, साफ करून.

कृष्णाबाई

*

अश्दोद
७ जुलै २०१९

किशोरी,

हे पत्र उत्तरासाठी नाही.

मी हजानसाहेबांकडे गेले आणि सगळं सांगितलं. न झालेल्या गोष्टीचे आभार मानले असतील तर काय करायचं, असं विचारलं. त्यांनी दाढी खाजवली, म्हणाले, “असं कुणी विचारलं नव्हतं बाई. पुन्हा करा. आता झालंय ना?”

काल पुन्हा मलिदा केला. या वेळी मी आधी उभी राहिले आणि मागच्या वेळचं वाचलेलं खरं नव्हतं, असं सांगितलं. तुझं नाव घेतलं नाही. विचारलं कुणीच नाही, सगळ्यांना आठवत होतं. मग कृष्णाबाईचं पत्र वाचलं. ओल, फुटक्या फरशा, खिळा, खराब झालेली चादर. दोन तांब्यांपाशी आले तेव्हा आभाबाईनं माझा हात धरला.

मागच्या वेळचं तुझं पत्र ऐकून सगळे रडले होते. या वेळी कुणी रडलं नाही. बायका एकमेकींना विचारत होत्या, नवी कडी बसवायला काय लागेल, फरशा कुठून पाठवता येतील.

मग वाटे काढले. पहिला कृष्णाबाईचा. दुसरा रंभाचा. तिसऱ्याला माझा हात आपोआप तुझ्यासाठी गेला. बासष्ट वर्षांचा हात आहे, त्याला काय कळतं? मी तो थांबवला नाही. काढला वाटा, बशीत ठेवला. माणसं गेली, अविटलनं भांडी घासली, मोशेनं खुर्च्या परत दिल्या. बशी तशीच होती.

तुझ्या नावानं तो खायला मी दोनदा बसले. घास हातात घेतला, पण तोंड उघडलं नाही.

मिल्का